गुळगुळीत दाढी, तीही जळजळ न होता

दाढी केल्यावर गळ्यावर आग होते, लाल पुरळ उठतं, आणि एवढं करूनही संध्याकाळी हात फिरवला की खरखरीत लागतंच, असं होत असेल तर नवीन महागडा रेझर घ्यायच्या आधी जरा थांबा. बहुतेक वेळा दोष रेझरचा नसतो असं माझं ठाम मत आहे. केस नीट भिजलेले नसतात आणि हात दाबून चालतो, सगळा त्रास तिथून सुरू होतो.

आधी भिजवणं. दाढीचा केस कोरडा असताना भलताच कडक असतो, तोच दोन-तीन मिनिटं पाण्यात राहिला की पाणी पिऊन फुगतो, मऊ पडतो आणि मग ब्लेडला फार जोर लावावा लागत नाही. म्हणून आंघोळ झाल्या झाल्या दाढी करणं सगळ्यात बरं. तेवढा वेळ नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल दोन मिनिटं चेहऱ्यावर धरून ठेवा, पण कडक गरम पाणी नको, त्याने त्वचा आणखी कोरडी पडते.

आता एक काम असं की जे कुणी करत नाही आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. दाढी एक-दोन दिवसांची वाढलेली असताना, चेहरा कोरडा असताना, बोटं सगळीकडे फिरवून बघा. ज्या बाजूने हात अलगद सरकतो ती सुलट, जिकडे अडकतो ती उलट. गालावर बहुतेकांचे केस वरून खाली असतात पण गळ्यावर काय वाटेल ते असतं, जबड्याच्या खाली दोन बोटांवर केस खालून वर जात असतात, कानाच्या बाजूला आडवे, कधी कधी तर भोवऱ्यासारखे गोल फिरलेले, आणि डाव्या बाजूचं उजव्या बाजूला जुळेलच असंही नाही. आपण मात्र सगळीकडे वरून खाली रेझर ओढतो, म्हणजे गळ्यावर पहिलाच हात उलटा बसतो. आग तिथेच का होते ते यावरून कळेल. एकदा नीट बघून ठेवलं की झालं, दिशा सहसा बदलत नाही.

क्रीम असो की साबण, ब्रशने लावा, आणि पाणी थोडं थोडं घालत फेस ओलसर, चमकदार होईपर्यंत फिरवत राहा. फेस खूप फुगला म्हणजे चांगला असं नाही, मोठे बुडबुडे लगेच सुकतात आणि मग रेझर घसरायच्या ऐवजी खरवडतो. कॅनमधला फोम वापरत असाल तरी हरकत नाही, पण चेहरा ओला असताना लावा आणि मिनिटभर राहू द्या.

मग रेझर. एका ब्लेडचा सेफ्टी रेझर असेल तर त्याचं डोकं गालावर टेकवा, दांडी चेहऱ्यापासून सरळ बाहेर येईल असं, आणि मग दांडी हळूहळू खाली आणत जा, ब्लेड केसाला लागल्याचं जाणवेल तिथे थांबा, साधारण ३० अंशांचा कोन होतो. कार्ट्रिजवाल्यांना, म्हणजे ज्या रेझरचं पात्यांसकट अख्खं डोकंच बदलतात तो वापरणाऱ्यांना, हे बघायची गरज नाही, त्याचं डोकं स्वतःच वळतं. दोन्हीत दाबायचं मात्र अजिबात नाही, दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरा, इंचभराचे छोटे हात मारा आणि दर दोन-तीन हातांनी रेझर धुवा.

एकाच फेरीत गुळगुळीत करायचा हट्ट सोडा. पहिला हात सुलटा, केस फक्त आखूड करायला. परत फेस लावून दुसरा हात आडवा. बहुतेकांना एवढंच पुरतं. तिसरा उलटा हात ज्याच्या त्वचेला सोसतो त्यानेच मारावा, आणि प्रत्येक वेळी फेस हवाच. ओठाच्या वर दाढी करताना ओठ दातांवर ओढून घ्या, जबड्याच्या कडेला त्वचा गालाकडे वर ओढा, म्हणजे हाडावरची जागा सपाट भागावर येते. कंठावर त्वचा जरा बाजूला सरकवून मग ब्लेड लावा.

ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनी जास्त पात्यांच्या रेझरपासून जपून राहावं. त्यात पुढचं पातं केस जरा ओढून धरतं आणि मागचं कापतं, मग टोक त्वचेच्या आत जातं, आणि कुरळा केस वाढताना बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो आणि फोड येतो. अशांनी एकच पातं, सुलटा हात, किंवा सरळ ट्रिमर, थोडे खुंट राहिले तर राहू द्या.

झाल्यावर गार पाणी, टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. बारीक कापलं असेल तर ओली तुरटी फिरवा, रक्त थांबतं, मिनिटभराने धुवून टाका. अल्कोहोलवाल्या आफ्टरशेव्हने त्वचा कोरडी पडते, त्यापेक्षा साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर चांगलं.

ब्लेडचं म्हणाल तर पाच-सात दाढ्यांनंतर बदला, आणि केस ओढल्यासारखं वाटलं तर त्याच्याही आधी. केस पोलादापेक्षा साधारण ५० पट मऊ असतो तरी धारेचे बारीक कपचे उडतात, हे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये मायक्रोस्कोपखाली दाखवलंय. रेझर झटकून कोरड्या जागी ठेवा, आणि दुसऱ्याचा कधीच वापरू नका, घरातल्या माणसाचा असला तरी, कारण रक्तातून हेपॅटायटिससारखे आजार पसरू शकतात.

गळ्यावर आधीच फोड असतील तर ते बसेपर्यंत तिथे ब्लेड लावू नका. पू झाला, दुखायला लागलं किंवा दर वेळी तिथेच येतंय असं दिसलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, आत गेलेले केस सुईने उकरत बसू नका, त्याने डाग राहतात.