शेअर पडला की डिव्हिडंडकडं बघत बसणाऱ्यांनो, या चुका टाळा

मार्केट चार दिवस लाल झालं की माझा फोन सुरू होतो. आमच्या बेळगावातनं टिळकवाडी, शहापूर, नाहीतर खानापूर, निपाणी, कुठूनही येतो आणि प्रश्न ठरलेला, शेअर पडलाय पण डिव्हिडंड (कंपनी शेअरवाल्यांना वाटते ते पैसे) चांगला देतोय, तर ठेवू की अजून घेऊ? मी काय सल्लागार नाही हो, उद्यमबागेत अकाउंट्स बघतो आणि जून-जुलैत ओळखीच्यांचे रिटर्न भरून देतो, त्यामुळं डिमॅटचे (शेअर ठेवायच्या खात्याचे) कागद डोळ्याखालून जातात आणि त्यात दरवर्षी त्याच त्याच चुका दिसतात. घाई सगळ्यांना, वाचायला मात्र कुणालाच वेळ नाही.

अ‍ॅपवरचं यील्ड बघून शेअर घेणं

सगळ्यात जास्त पैसे इथं जातात. खानापूर तालुक्यातले आमचे एक गुरुजी, रिटायर झाले, फंडाचे पैसे आले. सोसायटीत ठेवायची भीती, कारण आपल्याकडं बुडालेल्या पतसंस्थांच्या गोष्टी घरोघरी आहेत. कुणीतरी अ‍ॅपमध्ये डिव्हिडंड यील्डचा, म्हणजे भावाच्या किती टक्के डिव्हिडंड मिळतो त्याचा, फिल्टर लावून दाखवला, एका कंपनीपुढं पावणेचौदा टक्के. गुरुजींनी 240 रुपयांनी हजार शेअर घेतले आणि मग मला फोन. "अरे, सोसायटीत नऊ टक्के देतात आणि ते पण मिळतील का नाही माहीत नाही, हितं चौदा टक्के हाय की!" मी त्यांचाच विद्यार्थी, त्यामुळं ओरडायची सोय नाही.

240 वर पावणेचौदा टक्के म्हणजे शेअरमागं 33 रुपये, ते कुठून आले ते काढून बघितलं. कंपनीनं एक जुना प्लांट विकला होता आणि त्यातले 28 रुपये स्पेशल डिव्हिडंड म्हणून एकदाच वाटले होते. नेहमीचा डिव्हिडंड 5 रुपये. अ‍ॅप मागच्या बारा महिन्यांत जे काही वाटलं त्याची बेरीज करतं आणि आजच्या भावानं भागतं, त्याला कुठलं कळतंय प्लांट विकलाय म्हणून. हलगा-मच्छे बायपासला जमीन गेली आणि भरपाई मिळाली, तर पुढच्या वर्षी परत तेवढीच मिळणार असं धरून कुणी घर बांधायला काढतं काय? गुरुजींनी तेच केलं. पुढच्या वर्षी कंपनीनं 4 रुपये दिले, म्हणजे 240 वर पावणेदोन टक्के सुद्धा नाही.

बरं, तिथं तरी थांबावं. भाव 190 ला आला, गुरुजींनी अजून हजार घेतले. 150 ला आला, अजून हजार. "अ‍ॅव्हरेज कमी झालं रे माझं," हे वर खुशीत. एकूण 5 लाख 80 हजार गेले, अ‍ॅव्हरेज 193. भाव 128 झाला तेव्हा हातात 3 लाख 84 हजार, आणि वर्षाचा डिव्हिडंड 12 हजार. एवढेच पैसे सरकारी बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर 40 हजार व्याज आलं असतं आणि मुद्दल जाग्यावर.

माझी सवय सांगतो. एक वही आहे, त्यात कंपनीचा मागच्या पाच वर्षांचा डिव्हिडंड वर्षावार लिहितो, स्पेशल असेल त्यावर काट मारतो, उरलेल्यातला सगळ्यात कमी आकडा घेतो आणि त्याला आजच्या भावानं भागतो. चौदाचे बहुतेक वेळा तीन होतात. मग बघतो की प्रत्येक शेअरमागं नफा किती आणि वाटप किती. नफा 10 आणि वाटतायत 14, तर वरचे 4 कुठून आणतात? कर्ज काढून, नाहीतर काहीतरी विकून. अर्धा तास लागतो याला, पण तेवढाही वेळ कुणाला काढायचा नसतो, सगळ्यांना नुसतं नाव पाहिजे, "एक चांगला शेअर सांगा की."

आणि नियमित डिव्हिडंड देणारी खरी चांगली कंपनी असली तरी भाव पडायचं थांबत नाही. कोल इंडिया 2010 मध्ये 245 रुपयांनी आला, डिव्हिडंड भरपूर दिला, आणि 2020 च्या ऑक्टोबरात भाव 110-115 च्या आसपास होता. नंतर वर गेला ते वेगळं, पण ती मधली वर्षं ज्यांनी मुलीच्या लग्नाचे पैसे त्यात ठेवले होते त्यांना विचारा.

पडतोय म्हणून घेत राहणं

गुरुजींचं वर आलंच, पण हे डिव्हिडंडवाल्यांपुरतं नाही. येस बँक 2018 च्या ऑगस्टमध्ये 400 च्या आसपास होती. लोकांनी 200 ला घेतली, 100 ला घेतली, 50 ला घेतली, आणि 5 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले, खात्यातून 50 हजारांच्या वर काढता येईना. पुढं स्टेट बँकेनं पैसे घातले, बँक वाचली, पण 100 पेक्षा जास्त शेअर असणाऱ्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षांसाठी लॉक. स्वस्त झालाय हे कारण नव्हे, स्वस्त का झालाय ते आधी बघा. मी पुढचा तिमाही निकाल आल्याशिवाय दुसऱ्यांदा घेत नाही, आणि तिसऱ्यांदा तर कधीच नाही. हे कुठल्या पुस्तकात नाही, माझं आपलं आहे.

डिव्हिडंडच्या आदल्या दिवशी उडी मारणं

हा शॉर्टकट दर पिढीला नव्यानं सापडतो. 500 चा शेअर, 20 रुपये डिव्हिडंड, आदल्या दिवशी घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी विकायचा, फुकटचे 20! अहो, एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून नव्यानं घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही त्या दिवशी, तो साधारण 480 लाच उघडतो, कारण कंपनीच्या तिजोरीतनं तेवढे पैसे जाणार असतात. त्या 20 वर तुमच्या स्लॅबनं टॅक्स. 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर 4 रुपये गेले, ब्रोकरेज वेगळं. 2020 च्या एप्रिलपासून डिव्हिडंड घेणाऱ्याच्याच हातात करपात्र आहे, "डिव्हिडंडला टॅक्स नसतो" म्हणणारे काका अजून 2019 मध्येच आहेत. आणि काहीजण तर एक्स-डेटच्या सकाळी शेअर घेतात आणि महिन्यानं विचारतात डिव्हिडंड का आला नाही.

500 टक्के डिव्हिडंड!

ती टक्केवारी फेस व्हॅल्यूवर, म्हणजे शेअरच्या छापील किमतीवर असते, बाजारभावावर नाही. फेस व्हॅल्यू 2 रुपये असेल तर 500 टक्के म्हणजे 10 रुपये, शेअर 2,000 चा असेल तर अर्धा टक्का. झालं.

बोनस (असलेल्या शेअरवर जादा शेअर) आणि स्प्लिटचंही (एका शेअरचे तुकडे) असंच, नुसता आकडा फसवतो. 28 ऑक्टोबर 2024 ला रिलायन्सचा एकास एक बोनस होता, भाव निम्मा दिसला आणि मला सकाळी सव्वानऊला फोन, "बुडालो हो!" बोनसचे शेअर खात्यात जमा व्हायच्या आधी अ‍ॅप लाल दाखवतं, विकायच्या आधी निदान बातमी तरी वाचा.

ब्रोकरकडनं उधारी घेऊन डिव्हिडंडचे शेअर घेणाऱ्यांना मी काही सांगत नाही. व्याज डिव्हिडंडपेक्षा जास्त असतं हे तिसरीच्या पोराला कळतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरची टीप कन्नडमध्ये आली काय, मराठीत आली काय आणि हिंदीत आली काय, आपल्याकडं तीन भाषांत तोच शेअर फिरतो आणि लोकांना वाटतं तीन जणांनी सांगितलाय.

जुनं बँक खातं तसंच ठेवणं

आपल्या भागात हे फार दिसतं. सिंडिकेट बँकेची खाती इथं गावोगावी होती. 1 एप्रिल 2020 ला ती कॅनरात गेली, कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये, त्याच्या वर्षभर आधी विजया बँक बँक ऑफ बडोदात. आयएफएससी बदलले, लोकांनी नवीन पासबुक घेतलं आणि डिमॅटला जुनंच खातं राहिलं. डिव्हिडंड जातो, परत येतो, कंपनीच्या न दिलेल्या डिव्हिडंडच्या खात्यात पडून राहतो. शेअर पडला म्हणून रडायचं आणि स्वतःचे मंजूर झालेले पैसे घ्यायचे नाहीत! सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नाही तर ते पैसेच काय, शेअर सुद्धा आयईपीएफ या सरकारी निधीकडं जातात, आणि ते परत काढायला जे कागद लागतात ते गोळा करता करता माणूस थकतो.

डीपीकडं (जिथं डिमॅट आहे तो ब्रोकर किंवा बँक) कॅन्सल्ड चेक देऊन खातं बदलून घ्या, मग जुन्या अडकलेल्या डिव्हिडंडसाठी कंपनीच्या रजिस्ट्रारला (शेअरवाल्यांची नोंद ठेवणारी संस्था) मेल करा, बऱ्याचदा तो केफिनटेक किंवा एमयूएफजी इनटाइम असतो, पूर्वीचं लिंक इनटाइम. मी प्रत्येक डिव्हिडंडची तारीख त्याच वहीत लिहितो आणि जमा झाला की बरोबरची खूण करतो.

टीडीएसचं पण बघा. 2025-26 पासून एका कंपनीचा वर्षाचा डिव्हिडंड 10 हजारांच्या वर गेला की 10 टक्के कापतात, पॅन आधारला जोडलेलं नसेल तर 20. कर लागतच नसेल तर तसं डिक्लेरेशन द्यायचं असतं, दरवर्षी आणि प्रत्येक कंपनीला वेगळं. बँकेत एफडीसाठी दिलं होतं की, हे इथं चालत नाही. कापलेलं परत पाहिजे तर रिटर्न भरा, आणि तोट्यात विकलं असेल तर मुदतीत भरा, कारण तो तोटा पुढची आठ वर्षं नफ्यातनं वजा करता येतो. 31 जुलैच्या रात्री दहाला माझ्याकडं येऊ नका, सर्व्हर पण झोपलेला असतो आणि मी पण.