आंब्याच्या हंगामापासून दिवाळीपर्यंत : पदवीनंतरच्या लांब परदेश प्रवासाची तयारी

कोकणातल्या घरांना परदेश नवा नाही. दापोली, खेड, राजापूर या भागांतली कितीतरी माणसे आखातात नोकरीला गेली, बोटीवर कामाला लागली, आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांतून गावाकडची घरे उभी राहिली. पण ते सारे जाणे कमाईसाठी होते. नुकती पदवी घेतलेल्या मुलाने किंवा मुलीने पहिली नोकरी लागण्याआधी दोन महिने केवळ जग पाहायला जायचे म्हटले, की घरातून पहिला प्रश्न पैशांचा येतो आणि तो रास्तच असतो. म्हणून माझा आग्रह असा, की कोणकोणते देश पाहायचे याची यादी करण्याआधी वही घेऊन बसावे आणि आपल्याकडच्या पैशांत किती दिवस निघतात हे काढावे.

समजा, दोघे मित्र किंवा दोघी मैत्रिणी जाणार आहेत आणि प्रत्येकाकडे २,००,००० रुपये आहेत. त्यातून विमानाच्या जाण्यायेण्याचे २८,००० आणि व्हिसा, विमा व इतर कागदपत्रांचे १२,००० बाजूला काढा. आणखी ४०,००० रुपये वेगळ्या खात्यात ठेवा व त्यांना प्रवासात हात लावायचा नाही असे ठरवा. अचानक परतावे लागले, आजारपण आले किंवा परतल्यावर नोकरी मिळेपर्यंतचे दोन महिने काढायचे झाले, तर हेच पैसे उपयोगी पडतात. उरले १,२०,०००. आग्नेय आशियात खोली वाटून घेतली, रस्त्यावरच्या गाड्यांवर जेवले आणि शहरात बसने फिरले, तर माणशी दिवसाला १,६०० रुपये धरता येतात, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याचे प्रत्येक वेळी सरासरी १,५०० रुपये धरू. दर तीन दिवसांनी गाव बदलले तर रोजचा खर्च २,१०० रुपयांवर जातो आणि प्रवास ५७ दिवसांत संपतो. दर सहा दिवसांनी बदलले तर खर्च १,८५० होतो व ६४ दिवस मिळतात. दहा दिवसांनी बदलले तर ६८. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे वेगळे येतील. पण त्यातून दिसणारी गोष्ट बदलत नाही. खर्च वाढतो तो सततच्या हालचालीने. स्वस्त तिकिटाच्या शोधात रात्र-रात्र जागून दोन हजार वाचवणारी मुले पुढे आठवड्यात तीन शहरे करून त्याच्या कितीतरी पट पैसे घालवतात, हे मी वारंवार पाहिले आहे. एका जागी आठवडाभर राहिलात तर खोलीचे भाडे कमी करून मिळते, स्वस्त खाणावळ कुठली ते कळते, आणि त्या गावाची ओळखही खऱ्या अर्थाने तेव्हाच होते.

घरून मदत मिळणार नसेल तर कमाईचे महिनेही आधीच हेरून ठेवावेत. किनाऱ्यावरची मिळकत ऋतूवर चालते. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत हापूसच्या बागांत, पेट्या भरण्याच्या कामात आणि मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांपर्यंत पेट्या पोहोचवण्यात हातांची गरज असते. मालवण-तारकर्लीकडे उन्हाळी सुटीत पर्यटकांची सोय पाहणाऱ्या घरांना माणसे लागतात. पुढे १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, समुद्र खवळतो, पर्यटकांच्या होड्याही वर ओढल्या जातात. या काळात मिळकत जवळजवळ थांबते. सप्टेंबरपासून पुन्हा सुरुवात होते आणि दिवाळीची सुटी हा मोठा हंगाम. तेव्हा उन्हाळ्यात कमवावे, पावसाळ्यात कागदपत्रे करावीत, गणपती घरी करावेत आणि दिवाळी आटोपल्यावर निघावे, हा क्रम आपल्या भागाला नेमका बसतो. शैक्षणिक कर्ज असेल तर एक गोष्ट आताच तपासा : बहुतेक बँकांत अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एक वर्षाने हप्ते सुरू होतात. प्रवास आणि त्यानंतर नोकरी शोधण्याचा काळ त्या वर्षात मावतो का, ते बँकेतून लेखी विचारून घ्यावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आग्नेय आशियासाठी चांगला असल्यामुळे हा क्रम तिकडच्या हवामानालाही जुळतो. थायलंडच्या बहुतेक भागांत व लाओसमध्ये तेव्हा पाऊस ओसरलेला असतो. व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर, म्हणजे ह्यू, दा नांग, होई आन या पट्ट्यात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोरदार पाऊस पडतो. म्हणून थायलंडपासून सुरुवात करावी, डिसेंबरात लाओसला जावे आणि व्हिएतनाम उत्तरेकडून दक्षिणेकडे शेवटी करावा. बँकॉकहून लाओसच्या राजधानीला, व्हिएन्तियानला, जुलै २०२४ पासून थेट रात्रीची आगगाडी जाते, आणि तिथून लुआंग प्राबांगला डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेने साधारण दोन तासांत पोहोचता येते. व्हिएतनाममध्ये हनोई ते हो चि मिन्ह सिटी हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग किनाऱ्याकिनाऱ्याने तुकड्यातुकड्यांत करता येतो. रात्रीची गाडी निवडली म्हणजे त्या रात्रीच्या खोलीचे पैसे वाचतात. परतीचे विमान हो चि मिन्ह सिटीहून घ्यावे, म्हणजे पुन्हा बँकॉकला येण्याचा खर्च पडत नाही. तिथून मुंबईला थेट विमाने आहेत. हनोईकडे जानेवारीत बऱ्यापैकी थंडी असते आणि आपल्या किनाऱ्यावरच्या घरांत धड स्वेटर सापडत नाही. एक घेऊन ठेवा. व्हिएतनामी नववर्ष, म्हणजे तेत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हातरी येते. त्या आठवड्यात गाड्या भरलेल्या आणि दुकाने बंद असतात, हे तारखा ठरवतानाच पाहावे.

कंबोडियातील अंगकोरची प्राचीन मंदिरे पाहण्याची इच्छा अनेकांना असते आणि ती असावीच. मात्र जुलै २०२५ मध्ये थायलंड व कंबोडिया यांच्यात सीमेवर लढाई झाली आणि त्या काळात जमिनीवरची नाकी बंद झाली. नकाशावर दोन शहरांमध्ये सरळ रस्ता दिसतो म्हणून त्यावर बेत आखू नये. प्रत्येक सीमेसाठी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आणि त्या देशातील भारतीय दूतावासाच्या सूचना निघण्याच्या आठवड्यात पुन्हा वाचाव्यात, आणि एक रस्ता बंद झाला तर दुसरा कोणता, हे वहीत लिहून ठेवावे. अंगकोरचे एक दिवसाचे तिकीट ३७ डॉलरचे, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२ डॉलरचे आहे. सावकाश पाहणाऱ्याला तेथेही दिवस स्वस्त पडतो.

आता पासपोर्ट. ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे आणि तत्काळसाठी आणखी २,००० भरावे लागतात. जूनमध्ये अर्ज केला तर तत्काळची गरज पडत नाही. आपल्याकडे अडचण येते ती नावाची आणि पत्त्याची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव व वडिलांचे नाव असते. आधार कार्डावर क्रम वेगळा असतो, कुठे वडिलांचे नाव गाळलेले असते, कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमीजास्त असते. सर्व कागद एकत्र ठेवून नाव अक्षरशः जुळवा आणि जे चुकले असेल ते अर्जाआधी दुरुस्त करून घ्या. पासपोर्टात आडनावाचा रकाना स्वतंत्र असतो. स्वतःचे व वडिलांचे नाव दुसऱ्या रकान्यात जाते, आणि पुढे विमानाचे तिकीट काढताना हाच क्रम पाळायचा असतो. पत्ता देताना सध्या जिथे खरोखर राहता तोच द्या. मुंबईत खोली घेऊन शिकणाऱ्या मुलाने वाडीतल्या घराचा पत्ता दिला आणि पोलीस चौकशीला आले तेव्हा तो घरी नसला, तर अर्ज रखडतो. गावचाच पत्ता द्यायचा असेल तर चौकशी होईपर्यंत गावात राहावे, घर क्रमांक असलेला ग्रामपंचायतीचा कागद हाताशी ठेवावा आणि पोस्टमनला सांगून ठेवावे, कारण पासपोर्ट टपालाने येतो. दहावीचे प्रमाणपत्र जोडायला विसरू नये. ते जोडले म्हणजे परदेशी नोकरीला जाताना स्थलांतराची परवानगी घ्यावी लागेल, असा शिक्का पासपोर्टवर येत नाही.

व्हिसाचे नियम वर्षभरात दोनदाही बदलू शकतात, म्हणून तिकीट काढण्याआधी आणि निघण्याआधी असे दोन वेळा अधिकृत संकेतस्थळावरच पाहावे. थायलंडने १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवस व्हिसाशिवाय राहण्याची मुभा दिली आणि १ मे २०२५ पासून पोहोचण्याआधी ऑनलाइन आगमनपत्र भरणे सक्तीचे केले. व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो आणि एकदाच प्रवेशासाठी त्याचे शुल्क २५ डॉलर आहे. त्यावर प्रवेशाचे नाके नोंदवावे लागते, म्हणून लाओसमधून रस्त्याने जाणार की विमानाने, हे आधीच ठरलेले असावे. शिवाय विमानतळावर परतीचे तिकीट विचारतात. तुमचे परतीचे विमान दुसऱ्याच देशातून असेल तर थायलंडमधून बाहेर पडण्याचे आगगाडीचे किंवा बसचे तिकीटही छापून जवळ ठेवा. युरोपचा विचार करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे : शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाचे, शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, किमान ३०,००० युरोचा विमा लागतो, बँकेचे अनेक महिन्यांचे व्यवहार दाखवावे लागतात, आणि तिथला एका दिवसाचा खर्च आग्नेय आशियातल्या तीन-चार दिवसांना पुरतो. पहिला लांबचा प्रवास तिकडे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे कसे न्यावेत, यावर थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण इथली चूक परक्या शहरात रात्री अकरा वाजता लक्षात येते. गावच्या पतसंस्थेचे किंवा लहान बँकेचे कार्ड बहुधा परदेशात चालत नाही. राष्ट्रीयीकृत वा मोठ्या बँकेचे कार्ड असले तरी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी वापर मुळात बंद असतो. तो बँकेच्या ॲपमधून तुम्हीच सुरू करायचा असतो, आणि तो गावात बसूनच सुरू करून पाहावा. परकीय चलनाचे एक फॉरेक्स कार्ड, दुसऱ्या बँकेचे एक साधे डेबिट कार्ड आणि दोन-तीनशे डॉलरच्या रोख नोटा, अशी तीन ठिकाणी विभागणी ठेवा आणि तिन्ही गोष्टी एकाच पाकिटात ठेवू नका. थायलंडच्या एटीएममध्ये परदेशी कार्डाला प्रत्येक वेळी २२० बाट किंवा त्याहून अधिक शुल्क पडते, म्हणून थोडे थोडे काढण्याऐवजी आठवडाभराचे एकदम काढावे. यंत्राने रक्कम रुपयांत हवी का असे विचारले तर नाही म्हणावे. तिथले रुपयाचे भाव नेहमीच महाग असतात. आपला भारतीय मोबाइल क्रमांक रोमिंगसह चालू ठेवावा, कारण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. तो क्रमांक बंद पडला तर खात्यात पैसे असूनही हात बांधले जातात.

जेवणाच्या बाबतीत आपण कोकणी माणसे सुदैवी आहोत. भात, मासे, नारळाचे दूध आणि चिंचेचा आंबटपणा हे तिथले रोजचे जेवण, त्यामुळे महागड्या भारतीय उपाहारगृहांची वाट धरण्याची गरज मत्स्याहारी माणसाला पडत नाही. शाकाहारी असाल तर थायलंडमध्ये ‘जे’ आणि व्हिएतनाममध्ये ‘चाय’ हे शब्द शिकून घ्या. नाहीतर भाजीतही माशाचा रस असतो. सोबत कुळथाचे पीठ, मेतकूट आणि पातळ पोहे न्यावेत. आजारपणात गरम पाण्यात शिजवलेली पिठी दोन दिवस तारून नेते. सुके खोबरे मात्र बॅगेत घालू नका. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंमध्ये मोडते आणि विमानात नेऊ देत नाहीत. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. ती बॅग बहुतेक ठिकाणी ७ किलोपर्यंत चालते, आणि खरे तर दोन महिन्यांनाही तेवढे सामान पुरते.

स्कूटर भाड्याने घेण्याचा मोह सर्वांना होतो. आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, परंतु भारत तो रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार देतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातील परवानाच मानतो. म्हणजे थायलंडमध्ये तो चालेल, व्हिएतनाममध्ये नाही. आणि वैध परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी दवाखान्याचा खर्च नाकारते. दोन महिन्यांची बचत एका घसरण्यात जाऊ देऊ नका.

याहून गंभीर धोका नोकरीच्या आमिषाचा आहे. थायलंडमध्ये डेटा एंट्रीचे काम, चांगला पगार, राहणे फुकट, असे संदेश नुकत्याच पदवीधर झालेल्यांना मोबाइलवर येतात. या वाटेने गेलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील फसवणुकीच्या केंद्रांत डांबून ठेवले गेले, आणि मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांतून पाचशेहून अधिक जणांना परत आणावे लागले. पर्यटक म्हणून आलेल्याला पगाराचे काम करण्याची परवानगी नसते. ओळख कितीही जवळची वाटली, तरी प्रवासात मिळालेल्या अशा निमंत्रणावर सीमा ओलांडू नका.

निघण्याचा दिवस ठरवताना कोकण रेल्वेचाही विचार करावा. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, पण दिवाळीनंतर ते संपलेले असते. मात्र त्याच दिवसांत सुटी संपवून चाकरमानी मुंबईला परततात आणि गाड्या खचाखच भरतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. त्या दिवशी सकाळीच तिकीट काढा आणि विमानाच्या आदल्या दिवशी मुंबईतल्या नातेवाइकांकडे मुक्कामाला पोहोचा. सावंतवाडी-कुडाळकडच्यांना गोव्यातला मोपा विमानतळ जवळ आहे. तिथून जोडतिकिटाचा भाव आणि मुंबईपर्यंतचा खर्च दोन्ही मांडून पाहावेत.

आणि घरच्यांसाठी एक कागद करा. त्यावर दोघांच्या पासपोर्टचे क्रमांक, विमानांच्या तारखा, विमा कंपनीचा आपत्कालीन दूरध्वनी, बँकॉक, व्हिएन्तियान व हनोई येथील भारतीय दूतावासांचे क्रमांक आणि सोबत्याच्या घरचा क्रमांक मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. थायलंड, लाओस आणि व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहेत, हेही लिहा. फोन कोणत्या वारी आणि किती वाजता कराल ते ठरवा, आणि दोन ठरलेले फोन चुकले तर आईवडिलांनी कोणाला विचारायचे ते त्यांना समोर बसवून सांगा. हा कागद देवघराजवळ, सर्वांना दिसेल असा लावून निघा.