सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड

घरातील ज्येष्ठ व्यक्तीने वयाची 70 वर्षे पूर्ण केली असतील, तर कुटुंबाचे उत्पन्न कितीही असले तरी तिला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू शकते आणि त्यावर वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेतील रुग्णालयात दाखल होऊन विनामूल्य घेता येतात. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च मात्र त्यात येत नाही. वय आधार कार्डावरील जन्मतारखेवरून ठरत असल्यामुळे ती तारीख चुकलेली असल्यास आधी आधार केंद्रात दुरुस्त करून घ्यावी, कारण त्यामुळे अर्ज अडू शकतो. नोंदणी आयुष्मान ॲपवर घरबसल्या होते. ओटीपी येण्यासाठी आधारशी जोडलेला मोबाईल जवळ ठेवावा. खासगी आरोग्य विमा असला तरी हे कार्ड काढता येते. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचारी व निवृत्तिवेतनधारकांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) यांच्या लाभार्थ्यांना मात्र दोहोंपैकी एकच योजना निवडावी लागते. रुग्णालय योजनेत आहे की नाही, हे दाखल होण्यापूर्वीच 14555 या क्रमांकावर विचारून घ्यावे. निवृत्तिवेतन, कायदेशीर सल्ला किंवा छळाची तक्रार यांसाठी 14567 ही ज्येष्ठांची स्वतंत्र हेल्पलाइन आहे.