‘हे काही रॉकेट सायन्स नव्हे’ : इंग्रजी शब्दप्रयोग पोर्तुगीजमध्ये नेताना या चुका टाळा

बडोद्यातील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याची माहितीपुस्तिका ब्राझीलच्या ग्राहकासाठी पोर्तुगीजमध्ये करताना, झडपेचा गास्केट बदलणे म्हणजे ‘रॉकेट सायन्स’ नव्हे, असे एक इंग्रजी वाक्य माझ्यासमोर आले. मी घाईने ‘सिएन्सिया दे फोगेतेस’ असे लिहून मोकळा झालो. अर्थ वाचणाऱ्याला कळला असता, पण वाक्य उसने वाटले असते. त्या भाषेत याच अर्थाने रुळलेला शब्दप्रयोग आहे ‘बिशो दे सेते काबेसास’, म्हणजे सात डोक्यांचा प्राणी. एखादे काम ‘सात डोक्यांचा प्राणी नव्हे’ असे म्हटले की ते वाटते तितके अवघड नाही, हा अर्थ पोर्तुगाल आणि ब्राझील दोन्हीकडे लगेच पोहोचतो. त्याच प्रयोगाला ‘करणे’ हे क्रियापद जोडले की आपल्या ‘बाऊ करणे’चा अर्थ येतो. मात्र माहितीपुस्तिकेत मी हाही प्रयोग ठेवणार नाही. तेथे ‘ए सिंप्लेस’, म्हणजे ‘हे सोपे आहे’, एवढेच पुरे.

दुसरी चूक मराठी माणसाकडून हमखास होते, कारण इंग्रजी ‘रेड टेप’ची ‘लालफीत’ आपण केव्हाच पचवली आहे. पोर्तुगीजमध्ये ‘फिता वेर्मेल्या’ ही नुसती लाल रंगाची फीत. कचेरीतील हेलपाट्यांसाठी ‘बुरोक्रासिया’ किंवा कागदपत्रांच्या ढिगाऱ्यासाठी ‘पापेलादा’ म्हणावे. इंग्रजी शब्दप्रयोग आधी आपल्या बोलीत उलगडून पाहावा, ‘हा तर द्राविडी प्राणायाम’ असे तोंडातून निघाले की नेमका कोणता अर्थ न्यायचा आहे ते स्पष्ट होते, आणि मगच पोर्तुगीज शब्द शोधावा. बडोद्याच्याच दांडिया बाजारात घरी मराठी आणि दुकानात गुजराती बोलणाऱ्याला ही सवय नवी नाही.

सर्वांत महागात पडणारा शब्द मात्र साधा दिसतो. ‘प्रोसेसो’ म्हणजे प्रक्रिया, पण न्यायालयातील खटलाही. ‘प्रोसेसार’ क्रियापदापुढे मागणी, ‘पेदिदो’, आली तर मागणीवर कार्यवाही होते. ग्राहक, ‘क्लिएन्ते’, आला तर त्याच्यावर खटला भरला जातो. ग्राहकाची नोंदणी पूर्ण करू, असे कळवण्याऐवजी त्याला कोर्टात खेचण्याची धमकी जाऊ नये, म्हणून क्रियापदानंतरचे नाम दोनदा वाचावे.

पोर्तुगालसाठी लिहायचे की ब्राझीलसाठी, हे कामाच्या आधीच विचारून घ्यावे. उत्पादन प्रक्रियेतील ‘उत्पादना’ला लिस्बनकडे ‘फाब्रिकु’ म्हणण्याचा प्रघात आहे, तर ब्राझीलमध्ये ‘फाब्रिकासाँव’.