उजेडाला बोलतं करायचं? घरच्या घरी 'आ' आणि 'ई'

१९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या हॅस्किन्स लॅबमधे शास्त्रज्ञ फ्रँकलिन कूपरनी रंगवलेल्या नक्षीतून बोलण्याचा आवाज काढणारं एक मशीन बनवलं, उजेड फिरत्या चक्रातून जायचा, चक्रावर १२० हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला १२० कंपनं) ६००० पर्यंत ५० सुरांचे पट्टे, आणि पट्टीवर रंगवलेल्या नक्षीप्रमाणे त्यातले हवे तेच सूर फोटोसेलपर्यंत, म्हणजे उजेडाची वीज करणाऱ्या सेलपर्यंत, पोचायचे. त्याचंच छोटं रूप आपण करूया.

शहापुरात कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर) चकती प्रिंट करून मिळते, लेझर प्रिंटरला चालणारीच शीट घ्या. व्यास १९ सेंटिमीटर, कडेला २० रिंगा, प्रत्येक २ मिलिमीटर रुंद. सगळ्यात आतल्या रिंगेत ६ काळे पट्टे, पुढच्या रिंगेत १२, मग १८, असं शेवटी १२०. मोजताना चुकू नका, सगळा खेळ त्यावरच आहे.

८० मिलिमीटरचा जुना कॉम्प्युटर फॅन घ्या, मधल्या भागावर बाटलीचं झाकण चिकटवून त्यावर चकती बसवा. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं छोटं सर्किट) लावून स्पीड कमी करा. सेकंदाला २० फेरे झाले की पहिली रिंग १२० हर्ट्झ देते, स्पीकर जोडल्यावर फोनवरच्या ट्यूनर ॲपने (सूर किती हर्ट्झचा ते दाखवणाऱ्या) जुळवा.

चकतीच्या एका बाजूला बॅटरीवरची टॉर्च, दुसऱ्या बाजूला गार्डन लाइटमधला छोटा सोलर सेल, आणि मधे काळ्या कार्डात १ मिलिमीटरची उभी फट. सेलची वायर १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून पीएएम८४०३ या छोट्या ॲम्प्लिफायर बोर्डला द्या, पुढे स्पीकर. माझं पहिल्यांदा नुसतं घूं घूं यायचं, दोन दिवस सोल्डरिंग तपासत बसलो आणि शेवटी कळलं की खोलीतल्या ट्यूबलाइटचा १०० हर्ट्झचा लुकलुकणारा उजेड सेलवर पडतोय! खोलीत अंधारच करा.

आता खरी गंमत. अशी फटीची दोन कार्डं बनवा, आणि फटीवर काळी चिकटपट्टी लावून नको त्या रिंगा झाका. आतून मोजत एका कार्डावर ६वी, ९वी, १०वी उघडी ठेवली की 'आ', दुसऱ्यावर २री, ३री, १९वी ठेवली की 'ई'. घशातून निघणारा मूळ आवाज एकच असतो, त्यात बरेच सूर मिसळलेले असतात, तोंडाचा आकार ठरवतो कुठला भाग मोठा ऐकू येणार, तेच इथे पट्टी करते. स्पष्ट नसेल तर आजूबाजूच्या रिंगा अर्ध्या उघडून बघा, मला 'ई'ला बराच वेळ लागला.

दोन्ही कार्डं तयार झाली की 'आ'चं कार्ड झटकन सरकवून 'ई'चं आणा. स्पीकरमधून "आई" ऐकू येतं.