शूलपाणीच्या झाडीसाठी झोळी भरताना

नर्मदा परिक्रमा पायी करायची ठरली की लोक आधी अंतर विचारतात. नदी १,३१२ किलोमीटरची, दोन्ही तट धरले की २,६०० च्या पुढे, आणि वळसे घेत चालणाऱ्याचे त्याहून जास्तच. पण झोळी भरताना हा आकडा विसरा आणि शूलपाणीची झाडी, म्हणजे बडवानीच्या पुढचा सातपुड्यातला डोंगर-जंगलाचा टप्पा, डोळ्यांसमोर ठेवा. ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलली, म्हणजे सुरू केली, की दक्षिण तटाने, मैया (नर्मदा) उजव्या हाताला ठेवत, पहिल्या पंधरवड्यातच बडवानी मागे पडते आणि सातपुडा अंगावर येतो. पाय अजून सरावलेले नसतात आणि झोळीत घरची सगळी हौस असते. काठाची जुनी वाट सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली, त्यामुळे आता डोंगराच्या सोंडांवरून जावं लागतं. एक सोंड उतरावी, नाला ओलांडावा, की समोर दुसरी उभीच.

म्हणून निघायच्या आठवडाभर आधी भरलेली झोळी वजनकाट्यावर ठेवा. पाण्यासकट सहा-सात किलो, बस. मी अकरा किलो घेऊन निघालो होतो. दुसरा स्वेटर, जाड पोथी, कपड्यांचा तिसरा जोड आणि 'लागलाच तर' म्हणून घेतलेला स्टोव्ह, असं सगळं बडवानीहून पार्सलने घरी पाठवलं. 'लागलंच तर' म्हणून घेतलेली वस्तू बहुधा लागत नाही, खांद्याला तेवढी लागते. दोन पांढरे जोड, एक पंचा, एक गरम कपडा, कानटोपी आणि पातळ स्लीपिंग बॅग पुरते. कार्तिकी एकादशीनंतर निघालात तर थंडीतून चालत अमरकंटकला हजार मीटरच्या वर चढाल आणि परतीच्या काठावर उन्हाळा गाठेल. म्हणून एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ, एकावर एक चढवता येतील असे बघा.

बुटांवर मात्र काटकसर नको. ते संध्याकाळी विकत घ्या, दिवसभर चालून पाय सुजलेले असताना, आणि नेहमीच्या मापापेक्षा अर्धा-एक नंबर मोठे. चढावर दम लागतो तेवढंच. पाय खरे बिघडतात ते उतारावर. प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो आणि तिसऱ्या दिवशी नख निळं-काळं पडतं. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख सोंडा उतरतानाच सुटलं, नवं पूर्ण यायला वर्ष लागलं. नखं बारीक कापा, आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे घाला, उतार लागला की लेस घोट्यापाशी आवळा. टाच गरम वाटू लागली की तिथेच थांबायचं आणि कापडी चिकटपट्टी लावायची. 'पुढच्या गावात बघू' म्हणेपर्यंत फोड आलेला असतो. मुक्कामासाठी साध्या चपला वेगळ्या असू द्यात.

नवे बूट नेऊ नका. निदान दोन महिने तेच बूट, तीच झोळी आणि तोच दंड (हातातली काठी) घेऊन चाला. सपाट रस्त्यावरचे दहा किलोमीटर फारसे कामाचे नाहीत. जवळचा एखादा गड किंवा टेकडी गाठा, आणि चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त करा. गुडघे जुने असतील तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दंड छातीपर्यंत उंच हवा. उतारावर तोच तिसरा पाय.

बाकीचं पटकन सांगतो. आधार कार्डाच्या प्रती, दोन-चार फोटो, वाटेतल्या मुक्कामांचे शिक्के घ्यायला वही, हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. ताट, पेला, छोटं पातेलं आणि काडेपेटी, कारण सदावर्तात, म्हणजे परिक्रमावासींना फुकट अन्न देतात तिथे, कधी शिधाच मिळतो आणि तो आपणच शिजवायचा असतो. रोजची औषधं, ओआरएस, सुई-दोरा, सुतळी, बॅटरी. पाण्याच्या दोन बाटल्या. झाडीत पाणी दिसेल तिथे भरून घ्या.

झाडीत मोबाइलला रेंज क्वचितच. घरच्यांना आधीच बजावा, 'चार-पाच दिवस फोन आला नाही तर घाबरू नका.' पूर्वी इथे परिक्रमावासींना लुटत, हे तुम्हाला दहा जण तरी ऐकवतील. आता भिल्ल-पावरांच्या पाड्यांवर हाक मारून चहा पाजतात. घरं लांब-लांब, टेकड्यांवर विखुरलेली. म्हणून वाट विचारताना 'किती किलोमीटर' विचारू नका, 'किती टेकड्या' विचारा. अंधार पडायच्या आत मुक्काम शोधा, आणि पाड्यावरच्या माणसाने 'आज इथेच थांबा' म्हटलं तर ऐका.

राहिली मैयाच्या जलाची कुपी, परिक्रमाभर सोबत न्यायची. ती काचेची नको. झाकण आट्याचं असावं आणि घरीच पाणी भरून रात्रभर उलटी ठेवून बघावी. गळाली तर बदला. ती झोळीच्या तळाशी नाही, वरच्या कप्प्यात ठेवा. सकाळ-संध्याकाळ पूजेला काढायची असते, आणि शेवटी त्यातलंच जल ओंकारेश्वराला वाहायचं असतं.