वेटमधल्या सीपीयूला इंटरप्टने उठवताना

एक्स८६चं एम्युलेशन करून मेनफ्रेमकडे वळला असाल, तर एचएलटी (सीपीयूला थांबवून झोपवणारं एक्स८६चं इन्स्ट्रक्शन) डोक्यातून काढा. इथे तसं इन्स्ट्रक्शनच नाही. पीएसडब्ल्यू म्हणजे प्रोग्राम स्टेटस वर्ड, सीपीयूची स्थिती आणि पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता. १४वा बिट (डावीकडून, शून्यापासून मोजून) १ असलेला पीएसडब्ल्यू लोड झाला की सीपीयू वेटमध्ये, म्हणजे इंटरप्टची वाट बघत झोपलेला. आयबीएम मेनफ्रेमच्या ईएसए/३९० आर्किटेक्चरवरचा नेहमीचा नमुना (हेक्समध्ये): ०७०ई०००० ००००००००. आय/ओ, एक्स्टर्नल, मशीन-चेक हे तिन्ही मास्क (तो इंटरप्ट घ्यायचा की नाही हे ठरवणारे बिट) उघडे, वेट १, पत्ता शून्य.

तो शून्यच घात करतो. इंटरप्ट आला, सीपीयूला उठवायचं, मग आधी वेट बिट पुसू, असं हमखास सुचतं. अजिबात पुसू नका! चालू पीएसडब्ल्यू वेट बिटसकट जसाच्या तसा मेमरीतल्या ओल्ड पीएसडब्ल्यूच्या जागी लिहा (एक्स्टर्नल हेक्स १८, आय/ओ हेक्स ३८), मग हँडलरकडे नेणारा न्यू पीएसडब्ल्यू (५८, ७८) उचला. वेट जातो तो न्यू पीएसडब्ल्यूमुळे, तुमच्यामुळे नाही. एचएलटीत परतल्यावर पुढचं इन्स्ट्रक्शन चालतं. इथे हँडलरने ओल्ड पीएसडब्ल्यू परत लोड केला तर सीपीयूने पुन्हा झोपायचं असतं. बिट पुसलेला असेल तर तो शून्य पत्त्यावरचा डेटा इन्स्ट्रक्शन म्हणून चालवतो. तिथे ०० बाइट असला की ऑपरेशन एक्सेप्शन, कोड १. प्रोग्राम-चेकच्या, म्हणजे अशा एक्सेप्शनच्या, हेक्स २८च्या ओल्ड पीएसडब्ल्यूत पत्ता २ दिसला, तर प्रोग्राम-चेकचा कोड उसवत बसू नका. आधी वेटकडे बघा.

न्यू पीएसडब्ल्यूतही वेट बिट असू शकतो, म्हणून लोड केल्यावर तपासणी पुन्हा करा. तिन्ही मास्क बंद आणि वेट १, म्हणजे डिसेबल्ड वेट. हा तुमचा क्रॅश नव्हे. पत्त्याच्या जागी ठेवलेला वेट कोड (थांबण्याचं कारण सांगणारा आकडा) कन्सोलवर दाखवा आणि रीस्टार्टची वाट मोकळी ठेवा.

हा सीपीयू चालवणारा होस्ट थ्रेड झोपवताना 'दहा मिलिसेकंद स्लीप टाक, चालतं' असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. त्याचं ऐकाल तर प्रत्येक आय/ओ रखडेल. कंडिशन व्हेरिएबल घ्या, लॉक धरूनच पेंडिंग (आलेला पण अजून न घेतलेला) इंटरप्ट तपासा, नाहीतर तपासणी आणि झोप यांच्या फटीत आलेला सिग्नल हरवतो. तपासणी इफने नको, व्हाइलने हवी: आय/ओ इंटरप्ट सगळ्या सीपीयूंचा सामाईक असतो, तुम्ही उठेपर्यंत दुसऱ्याने घेतलेला असेल. नुसतं पेंडिंगही पुरत नाही. पीएसडब्ल्यूचा मास्क आणि सीआर०, सीआर६ या कंट्रोल रजिस्टरांमधले सबमास्कही जुळायला हवेत.

घाबरू नका, कोड फार नाही. फक्त वेट आणि स्टॉप्ड (सीपीयू पूर्ण थांबवलेली वेगळी अवस्था) एकाच फ्लॅगमध्ये कोंबू नका. वेटमध्ये सीपीयू टायमर उतरत राहतो, स्टॉप्डमध्ये थांबतो; आणि सिगपी सेन्सला (एका सीपीयूने दुसऱ्याची स्थिती विचारणं) 'थांबलाय' हे उत्तर फक्त स्टॉप्ड असतानाच द्यायचं.